पायथॉन वेब-उपयोजनांमध्ये वापरकर्त्याची ओळख टिकवून ठेवण्याची प्रक्रिया : एक विवेचन

सारांश

वेबवरील संदेशवहन ज्या एचटीटीपी नियमसंचानुसार चालते तो मुळातच स्मृतिहीन आहे. प्रत्येक विनंती ही सर्व्हरच्या दृष्टीने पहिलीच विनंती असते. असे असूनही एकदा नाव व परवलीचा शब्द देऊन आत गेलेला वापरकर्ता पुढील अनेक पृष्ठांवर ओळखला जातो. ही ओळख कोठे साठविली जाते, ती कशी तपासली जाते आणि केव्हा संपते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात जँगो व फ्लास्क या पायथॉनमधील दोन प्रचलित चौकटींच्या आधारे केले आहे. विद्यार्थी-प्रकल्पांत वारंवार आढळणाऱ्या चुका, त्यांची कारणे आणि त्या पकडण्याच्या सोप्या कसोट्याही येथे दिल्या आहेत.

बीजशब्द : पायथॉन, एचटीटीपी, कुकी, सेशन, ओळखपडताळणी, जँगो, फ्लास्क, माहितीची सुरक्षितता.

१. प्रस्तावना

महाविद्यालयातील प्रवेश, अंतर्गत गुणांची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, ग्रंथालयातील देवघेव अशी बहुतेक कामे आता संगणकाच्या पडद्यावर होतात. संगणकशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थी प्रकल्प म्हणून याच प्रकारच्या प्रणाली तयार करतात आणि त्यांपैकी काही प्रणाली पुढे विभागाच्या प्रत्यक्ष वापरातही येतात. अशा प्रत्येक प्रणालीच्या दारात 'लॉगिन' असते. परंतु दारात ओळख पटविणे आणि आत वावरताना ती ओळख टिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा विचार विद्यार्थी आवर्जून करतात. दुसरी मात्र पुष्कळदा गृहीत धरली जाते.

प्रकल्पांचे मूल्यमापन करताना प्रस्तुत लेखकाला याचा प्रत्यय आला. गुणनोंदणीचा एक प्रकल्प विद्यार्थ्याच्या संगणकावर निर्दोष चालत होता. प्रयोगशाळेतील दुसऱ्या संगणकावरून दुसऱ्या नावाने लॉगिन केल्यावर मात्र पहिल्या संगणकावरही त्या दुसऱ्याच शिक्षकाचे नाव व त्याच्या वर्गाची गुणयादी दिसू लागली. परवलीचे शब्द अचूक तपासले जात होते, डेटाबेसमध्येही काही बिघाड नव्हता. चूक एवढीच होती की, 'सध्याचा वापरकर्ता कोण' हे प्रोग्रॅममधील एका सार्वत्रिक चलात लिहून ठेवले होते. ही चूक त्या विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणापेक्षा आपल्या अध्यापनातील एका रिकाम्या जागेकडे अधिक निर्देश करते. ती जागा भरण्याचा प्रयत्न म्हणून हे विवेचन आहे.

२. स्मृतिहीनतेचे स्वरूप

एचटीटीपी हा स्मृतिहीन नियमसंच आहे, असे १९९९ मधील आरएफसी २६१६ या दस्तऐवजात नमूद होते आणि २०२२ मधील आरएफसी ९११० मध्येही हे तत्त्व कायम आहे. ब्राउझर विनंती पाठवितो, सर्व्हर प्रतिसाद देतो आणि तो व्यवहार तेथेच संपतो. पुढची विनंती आली की ती त्याच व्यक्तीची आहे हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. खिडकीवर बसलेला लिपिक प्रत्येक कामानंतर समोरच्या माणसाचा चेहरा विसरतो अशी कल्पना केल्यास ही स्थिती ध्यानात येईल.

या रचनेमागे कारण आहे. सर्व्हरला कोणाचीही आठवण ठेवावी लागत नसल्याने एक विनंती एका यंत्राने व दुसरी दुसऱ्या यंत्राने हाताळली तरी बिघडत नाही. त्यामुळे एकाच वेळी असंख्य वापरकर्त्यांना सेवा देणे सुलभ होते. म्हणजेच स्मृतिहीनता हा दोष नसून जाणीवपूर्वक स्वीकारलेला गुण आहे. ओळख टिकविण्याची जबाबदारी मात्र त्यामुळे उपयोजन लिहिणाऱ्यावर येते.

पायथॉनमध्ये सर्व्हर आणि उपयोजन यांच्यातील करार 'डब्ल्यूएसजीआय' या नावाने ओळखला जातो. तो २००३ मध्ये पेप ३३३ म्हणून मांडला गेला आणि पायथॉन ३ साठी २०१० मध्ये पेप ३३३३ म्हणून सुधारण्यात आला. या करारानुसार प्रत्येक विनंतीच्या वेळी उपयोजनाला एक शब्दकोश दिला जातो. त्यात पत्ता, विनंतीची पद्धत, शीर्षके अशी त्या एकाच विनंतीची माहिती असते. आधीच्या विनंतीविषयी त्यात एक अक्षरही नसते. ब्राउझरने स्वतःहून काही खूण सोबत पाठविली असेल, तर तेवढीच उपयोजनाच्या हाती लागते.

३. कुकी : ओळखीची खूण

ही खूण म्हणजे कुकी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू मॉन्टुली यांनी ही कल्पना वेबवर आणली. १९९७ मध्ये आरएफसी २१०९ द्वारे तिला प्रथम लेखी प्रमाण मिळाले आणि पुढे २०११ मधील आरएफसी ६२६५ मध्ये प्रत्यक्ष प्रचलित वापराला अनुसरून तिची मांडणी नव्याने झाली. तिचे कार्य अत्यंत साधे आहे. सर्व्हर आपल्या प्रतिसादात 'सेट-कुकी' या शीर्षकाखाली एक नाव व एक मूल्य पाठवितो. ब्राउझर ते जपून ठेवतो आणि त्याच संकेतस्थळाकडे जाणाऱ्या पुढील प्रत्येक विनंतीसोबत ते परत पाठवितो.

येथे एक बाब ठळकपणे लक्षात घ्यावी लागते. कुकी वापरकर्त्याच्या संगणकावर असते. त्यामुळे ती वाचणे, बदलणे किंवा तिची नक्कल करणे त्याला शक्य असते. कुकीत 'वापरकर्ता क्रमांक १७' असे सरळ लिहून ठेवल्यास १७ च्या जागी १८ लिहिण्यास कोणीही मोकळा असतो. म्हणून कुकीत काय ठेवावे आणि परत आलेल्या कुकीवर कितपत विश्वास ठेवावा, हा या विषयाचा गाभा होय. त्याची दोन उत्तरे प्रचलित आहेत.

४. दोन पद्धती : बिल्ला आणि दाखला

मोठ्या देवस्थानांत पादत्राणे ठेवण्याच्या जागी आपल्याला क्रमांकाचा बिल्ला मिळतो. बिल्ल्यावर आपल्या चपलांचे वर्णन नसते. वस्तू आतल्या खणात असते आणि बिल्ला त्या खणाकडे केवळ निर्देश करतो. बिल्ला हरवला असे कळविल्यास सेवेकरी तो क्रमांक रद्द करू शकतो. सर्व्हरवर साठविलेले सेशन याच प्रकारचे असते. कुकीत एक निरर्थक पण अंदाज न करता येणारा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकासमोरील माहिती सर्व्हरच्या ताब्यात राहते.

दुसरी पद्धत आपण महाविद्यालयात रोज पाहतो. कार्यालय विद्यार्थ्याला बोनाफाइड दाखला देते. त्यावरील मजकूर कोणीही वाचू शकतो. मात्र शिक्का व स्वाक्षरी असल्याने तो बदलता येत नाही. दाखला पाहणाऱ्याला कार्यालयातील नोंदवही उघडावी लागत नाही, शिक्का खरा असल्याची खात्री पुरते. परंतु एकदा हातात दिलेला दाखला मुदतीपूर्वी रद्द करणे अवघड असते. स्वाक्षरीयुक्त कुकी ही या प्रकारची होय. तेथे शिक्क्याचे काम सर्व्हरकडील गुप्त किल्ली करते.

संगणकीय शिक्क्यासाठी बहुधा एचमॅक ही पद्धत वापरली जाते. तिचे वर्णन १९९७ मधील आरएफसी २१०४ मध्ये आहे. मजकूर आणि गुप्त किल्ली यांच्यापासून एक लहान ठसा तयार होतो. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही आणि किल्लीवाचून नवा ठसा तयार करता येत नाही. स्वाक्षरी मजकूर लपवीत नाही, केवळ त्यातील फेरफार उघड करते. हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे आवश्यक आहे, कारण स्वाक्षरी म्हणजे गुप्तलेखन असा गैरसमज सर्रास आढळतो.

५. जँगोमधील व्यवस्था

जँगो ही चौकट अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील एका वृत्तपत्राच्या वेब-विभागात आकारास आली आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिची मूळ व्यवस्था बिल्ल्याच्या पद्धतीची आहे.

वापरकर्ता नाव व परवलीचा शब्द पाठवितो तेव्हा 'ऑथेंटिकेट' हे फलन ते तपासते आणि जुळल्यास वापरकर्त्याची वस्तू परत देते. येथे केवळ पडताळणी होते. काहीही लक्षात ठेवले जात नाही. लक्षात ठेवण्याचे काम 'लॉगिन' हे दुसरे फलन करते. ते सेशनमध्ये तीन नोंदी करते : वापरकर्त्याचा क्रमांक, त्याची पडताळणी ज्या यंत्रणेने केली तिचे नाव आणि त्याच्या साठविलेल्या परवलीच्या शब्दापासून काढलेला एक ठसा. हे सेशन मूळ मांडणीनुसार डेटाबेसमधील 'जँगो_सेशन' या कोष्टकात जाते. त्या कोष्टकात सेशनचा क्रमांक, माहिती व समाप्तीची वेळ असे तीन स्तंभ असतात. ब्राउझरकडे 'सेशनआयडी' नावाच्या कुकीतून फक्त क्रमांक पाठविला जातो.

हा क्रमांक ३२ चिन्हांचा असतो व प्रत्येक चिन्ह लहान लिपीतील २६ रोमन अक्षरे आणि १० अंक यांतून यादृच्छिकपणे निवडले जाते. शक्य क्रमांकांची संख्या ५० अंकी होते. त्यामुळे एकामागून एक क्रमांक लावून पाहण्याचा मार्ग व्यवहारतः बंद होतो.

पुढील विनंती आली की 'मिडलवेअर' नावाचे दोन मधले स्तर क्रमाने काम करतात. पहिला स्तर कुकीतील क्रमांकावरून सेशन उपलब्ध करून देतो, तर दुसरा त्या सेशनमधील वापरकर्ता-क्रमांकावरून विनंतीला वापरकर्ता जोडतो. वापरकर्ता न सापडल्यास 'अनामिक वापरकर्ता' जोडला जातो. दुसरा स्तर पहिल्यावर अवलंबून असल्याने मांडणीत त्यांचा क्रम बदलून चालत नाही. शिवाय ही जोडणी आळशी स्वरूपाची असते. म्हणजे एखाद्या पृष्ठाने वापरकर्त्याची विचारणा केली तरच डेटाबेसकडे धाव घेतली जाते.

यातील तीन बारकावे विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला, लॉगिन होताच सेशनचा क्रमांक बदलला जातो. एखाद्याने आधीच माहीत असलेला क्रमांक दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये घुसवून ठेवला आणि तो दुसरा लॉगिन करण्याची वाट पाहिली, तर जुना क्रमांक निरुपयोगी ठरतो. दुसरा, परवलीचा शब्द बदलल्यास सेशनमधील ठसा जुळेनासा होतो आणि इतर संगणकांवरील सर्व जुनी सेशन आपोआप अवैध होतात. ही सोय २०१४ मधील १.७ या आवृत्तीत आली. तिसरा, 'लॉगआउट' केल्यावर सेशनची नोंद डेटाबेसमधून पुसली जाते. बिल्ला कोणाच्या हाती राहिला तरी खण रिकामा झालेला असतो.

सेशनचे मूळ आयुष्य १२,०९,६०० सेकंद, म्हणजे दोन आठवडे असते. ब्राउझर बंद होताच ओळख संपावी अशी मूळ मांडणी नाही. ती हवी असल्यास स्वतंत्रपणे निवडावी लागते. तसेच मुदत संपलेल्या नोंदी कोष्टकात साचत राहतात. त्या काढण्यासाठी 'क्लिअरसेशन्स' ही आज्ञा नियमितपणे चालवावी लागते.

६. फ्लास्कमधील व्यवस्था

फ्लास्क ही चौकट आर्मिन रोनाखर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. आटोपशीरपणामुळे ती विद्यार्थ्यांत लोकप्रिय आहे. तिचे अंगभूत सेशन दाखल्याच्या पद्धतीचे आहे. सेशनमधील सर्व माहिती जेसन स्वरूपात मांडून, बेस-६४ मध्ये रूपांतरित करून व गुप्त किल्लीने स्वाक्षरी करून कुकीतच पाठविली जाते. सर्व्हरवर काहीही साठविले जात नाही. स्वाक्षरीचे काम 'इट्सडेंजरस' ही लायब्ररी करते.

याचे परिणाम ओघानेच येतात. कुकीला सुमारे ४०९६ बाइटची मर्यादा असल्याने सेशनमध्ये मोठी यादी ठेवता येत नाही. कुकीतील मजकूर वापरकर्त्याला वाचता येतो. म्हणून तेथे उत्तरपत्रिकेची गुरुकिल्ली, परवलीचा शब्द किंवा ओटीपी ठेवणे सर्वथा चुकीचे आहे. एका विद्यार्थ्याने ओटीपी सेशनमध्ये ठेवल्यास तो मोबाइलवर पोहोचण्यापूर्वीच ब्राउझरमध्ये वाचता येईल.

फ्लास्कमध्ये लॉगिनची स्वतंत्र व्यवस्था नाही. त्यासाठी 'फ्लास्क-लॉगिन' ही जोड बहुधा वापरतात. तिला विकासकाने एक फलन पुरवावे लागते, जे सेशनमधील क्रमांकावरून वापरकर्ता शोधून देते. हे फलन प्रत्येक विनंतीच्या वेळी नव्याने चालते. ओळख टिकून राहते म्हणजे वापरकर्त्याची वस्तू स्मृतीत तशीच बसून राहते असे नव्हे, तर प्रत्येक वेळी खुणेवरून ती पुन्हा उभी केली जाते. या एका वाक्यात संपूर्ण विषयाचे सार आले आहे, असे म्हणता येईल.

दाखल्याच्या पद्धतीची मुख्य मर्यादा लॉगआउटच्या वेळी दिसते. लॉगआउट म्हणजे ब्राउझरला 'ही कुकी टाकून दे' असे सांगणे. परंतु त्याआधी कोणी तिची नक्कल करून घेतली असल्यास सर्व्हरला ती ओळखण्याचा मार्ग नसतो. फ्लास्कच्या मूळ मांडणीत स्वाक्षरी केल्यापासून ३१ दिवसांपर्यंत अशी नक्कल स्वीकारली जाते. २०१५ मधील आरएफसी ७५१९ मध्ये वर्णिलेले आणि मोबाइल उपयोजनांत बरेच वापरले जाणारे जेडब्ल्यूटी हे टोकनही सर्वसाधारणपणे याच वर्गात मोडते आणि तेथेही हीच अडचण उद्भवते. त्यावर दोन उपाय आहेत : दाखल्याची मुदत अल्प ठेवणे, किंवा रद्द केलेल्या दाखल्यांची यादी सर्व्हरवर ठेवणे. दुसऱ्या उपायात आपण पुन्हा नोंदवहीकडेच वळतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

यावरून कोणती पद्धत श्रेष्ठ, असा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरते. जेथे ओळख तत्काळ रद्द करता येणे आवश्यक आहे, उदाहरणार्थ गुणनोंदणी किंवा शुल्कव्यवहार, तेथे बिल्ल्याची पद्धत योग्य होय. जेथे माहिती किरकोळ आहे व डेटाबेसवरील भार टाळावयाचा आहे, तेथे दाखल्याची पद्धत पुरेशी ठरते. जँगोमध्ये २०१२ च्या १.४ आवृत्तीपासून स्वाक्षरीयुक्त कुकीचा पर्याय आहे, तर फ्लास्कमध्ये सर्व्हरवरील सेशनसाठी स्वतंत्र जोड मिळते. म्हणजे निवड चौकटीची नसून गरजेची आहे.

७. नेहमी आढळणाऱ्या चुका

पहिली चूक सार्वत्रिक चलाची. प्रस्तावनेतील प्रकल्पात तीच होती. सर्व्हरवरील एकच प्रक्रिया अनेकांच्या विनंत्या हाताळते. त्यामुळे सार्वत्रिक चलात ठेवलेले नाव सर्वांचे समाईक होते आणि शेवटी लॉगिन करणारा सर्वांची ओळख बदलून टाकतो. याउलट गुनिकॉर्नसारख्या सर्व्हरवर उपयोजनाच्या अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालतात व प्रत्येकीची स्मृती निराळी असते. तेथे हेच चल एका विनंतीत भरलेले व दुसऱ्या विनंतीत रिकामे आढळते. एकाच चुकीची दोन विरुद्ध लक्षणे दिसत असल्याने विद्यार्थी गोंधळून जातात.

दुसरी चूक फ्लास्कमधील 'जी' या वस्तूविषयीच्या गैरसमजाची. तिचे नाव 'ग्लोबल' या शब्दाची आठवण करून देते. प्रत्यक्षात ती एका विनंतीपुरतीच जगते. तीत ठेवलेला वापरकर्ता पुढील विनंतीत सापडणे शक्यच नाही.

तिसरी चूक गुप्त किल्लीची. उपयोजन सुरू होताना दर वेळी नवी यादृच्छिक किल्ली तयार केल्यास सर्व्हर पुन्हा सुरू करताच स्वाक्षरीयुक्त कुकी अमान्य होतात. अनेक प्रक्रियांनी आपापली किल्ली बनविल्यास एकीने दिलेला दाखला दुसरी नाकारते आणि वापरकर्ता अधूनमधून बाहेर फेकला जातो. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे किल्ली प्रोग्रॅममध्येच लिहून तो प्रोग्रॅम सार्वजनिक भांडारात ठेवणे. किल्ली ज्याच्या हाती पडते तो कोणाच्याही नावाचा दाखला तयार करू शकतो. त्याला परवलीच्या शब्दाची गरजच उरत नाही. किल्ली एकदाच तयार करावी, प्रोग्रॅमबाहेर पर्यावरण-चलात ठेवावी आणि फुटल्याचा संशय येताच बदलावी.

चौथी चूक यादृच्छिकतेची. काही विद्यार्थी 'रँडम' मॉड्यूल वापरून स्वतःचे टोकन बनवितात. त्या मॉड्यूलमागील मर्सेन ट्विस्टर ही पद्धत सांख्यिकीय प्रयोगांसाठी उत्तम आहे, परंतु तिचे ३२ बिटांचे सलग ६२४ निष्कर्ष हाती आल्यास पुढचे सर्व सांगता येतात. म्हणूनच २०१६ मधील पायथॉन ३.६ मध्ये 'सीक्रेट्स' हे स्वतंत्र मॉड्यूल देण्यात आले.

पाचवी चूक सूक्ष्म आहे. सेशनमध्ये ठेवलेल्या यादीत किंवा शब्दकोशात आतल्या आत बदल केल्यास जँगो व फ्लास्क या दोन्ही चौकटींना तो बदल कळत नाही आणि तो साठविला जात नाही. अशा वेळी सेशन 'बदलले आहे' अशी खूण स्वतः करावी लागते.

सहावी चूक आता बरीचशी इतिहासजमा झाली असली तरी उद्बोधक आहे. सेशनमधील माहिती पूर्वी 'पिकल' या पायथॉनच्या पद्धतीने साठविली जात असे. पिकल उलगडताना त्यात दडविलेल्या आज्ञाही चालू शकतात. त्यामुळे स्वाक्षरीयुक्त कुकीसोबत पिकल वापरले आणि किल्ली फुटली, तर संपूर्ण सर्व्हरच परक्याच्या ताब्यात जातो. जँगोने २०१३ मधील १.६ आवृत्तीत मूळ मांडणी जेसनकडे वळविली आणि २०२३ मधील ५.० आवृत्तीत पिकलचा अंगभूत पर्याय काढून टाकला.

८. खूण चोरीस जाण्याचा धोका

परवलीचा शब्द कितीही कठीण असला तरी लॉगिननंतर खरी किंमत कुकीची असते. ती ज्याच्या हाती आहे तोच वापरकर्ता, असे सर्व्हर मानतो. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी 'फायरशीप' हे फायरफॉक्स ब्राउझरचे जोडसाधन प्रसिद्ध करून हे जगासमोर दाखविले. खुल्या वाय-फाय जाळ्यावर बसलेला कोणीही शेजाऱ्याची कुकी टिपून त्याच्या खात्यात शिरू शकत होता. त्या काळी अनेक संकेतस्थळे फक्त लॉगिनचे पृष्ठ कूटबद्ध करीत आणि पुढील पृष्ठे उघडी ठेवीत, हे त्याचे कारण होते. जानेवारी २०११ मध्ये फेसबुकने सर्व पृष्ठांसाठी कूटबद्ध जोडणीचा पर्याय उपलब्ध करून दिला.

कुकीच्या रक्षणासाठी तिला तीन विशेषणे जोडता येतात. 'सिक्युअर' म्हणजे ती केवळ कूटबद्ध जोडणीवरूनच पाठविली जाईल. 'एचटीटीपी-ओन्ली' म्हणजे पृष्ठातील जावास्क्रिप्टला ती वाचता येणार नाही. 'सेमसाइट' म्हणजे परक्या संकेतस्थळावरून सुरू झालेल्या विनंतीसोबत ती जाण्यावर मर्यादा येईल. क्रोम ब्राउझरने २०२० पासून तिसऱ्या विशेषणाचे 'लॅक्स' हे मूल्य गृहीत धरण्यास प्रारंभ केला. जँगोमध्ये दुसरे व तिसरे विशेषण मुळातच लागू असते. पहिले मात्र विकासकाने स्वतः चालू करावे लागते. फ्लास्कमध्ये दुसरे लागू असते, पहिले व तिसरे निवडावे लागते.

ब्राउझर कुकी आपोआप जोडतो, यातून आणखी एक धोका निर्माण होतो. शिक्षक गुणनोंदणीत लॉगिन असताना त्याने दुसऱ्या एखाद्या दुष्ट पृष्ठाला भेट दिली, तर ते पृष्ठ त्याच्या नकळत गुणनोंदणीकडे अर्ज पाठवू शकते. याला सीएसआरएफ म्हणतात. जँगो प्रत्येक अर्जासोबत एक वेगळे टोकन मागून हा मार्ग अडविते. विद्यार्थी 'अर्ज चालत नाही' म्हणून ही तपासणीच बंद करतात, तेव्हा त्यांना थांबवून त्यामागील कारण समजावणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे.

महाविद्यालयांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका मात्र याहून साधा आहे. शिक्षकदालनातील एकच संगणक अनेक जण वापरतात. तास सुरू होण्याची घंटा होते, शिक्षक टॅब बंद करून निघून जातात आणि लॉगआउट राहून जाते. टॅब बंद केल्याने कुकी जात नाही. पुढे बसणारी व्यक्ती त्याच ओळखीने आत शिरते. ब्राउझर 'मागील पृष्ठे पुन्हा उघडा' या मांडणीवर असल्यास तो बंद करून पुन्हा उघडला तरी ओळख टिकू शकते. तसेच लॉगआउट केल्यानंतरही 'मागे' हे बटण दाबल्यास साठवून ठेवलेले गुणांचे पृष्ठ दिसू शकते. त्यासाठी अशी पृष्ठे साठवू नयेत अशी सूचना प्रतिसादात द्यावी लागते. सामायिक संगणकांसाठी दोन आठवड्यांची मूळ मुदत सयुक्तिक नाही. काही मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर ओळख संपविणे आणि गुण कायम करण्यापूर्वी परवलीचा शब्द पुन्हा विचारणे, ही साधी योजना पुष्कळ अनर्थ टाळू शकते.

या बाबींना कायदेशीर बाजूही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहिती बाळगणाऱ्यावर वाजवी सुरक्षा-उपाय योजण्याचे बंधन घातलेले असून त्यातील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यार्थ्यांचे पत्ते, जात-प्रवर्ग, बँक खाते व गुण सांभाळणाऱ्या संस्थांनी हा विषय केवळ संगणक विभागाचा मानणे योग्य होणार नाही.

९. मूल्यमापनासाठी पाच कसोट्या

प्रकल्प तपासताना पुढील पाच कसोट्या दहा-पंधरा मिनिटांत लावता येतात.

१) दोन संगणकांवरून दोन नावांनी लॉगिन करून दोन्हीकडील पृष्ठे पुन्हा उघडावीत. ओळख अदलाबदल होता कामा नये.

२) लॉगिन असताना सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा. ओळख टिकली पाहिजे. न टिकल्यास ती कोठे साठविली होती हे विद्यार्थ्याला विचारावे.

३) उपयोजन तीन-चार प्रक्रियांसह चालवून तेच पृष्ठ दहा वेळा उघडावे. एकदाही लॉगिनचे पृष्ठ परत येऊ नये.

४) कुकीची नक्कल करून ठेवावी, लॉगआउट करावे आणि ती नक्कल दुसऱ्या ब्राउझरमध्ये वापरून पाहावी. प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारार्ह आहे काय, याचे उत्तर विद्यार्थ्याने द्यावे.

५) लॉगिन न करता आतील पृष्ठाचा पत्ता थेट टाइप करावा. मेनूतून दुवा लपविणे म्हणजे प्रवेश रोखणे नव्हे, हे यातून कळते. जँगोच्या २०२४ मधील ५.१ आवृत्तीत सर्वच पृष्ठांना लॉगिन सक्तीचे करणारा मधला स्तर उपलब्ध झाला आहे. तो वापरल्यास एखादे पृष्ठ चुकून उघडे राहण्याची शक्यता कमी होते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एचटीटीपी स्मृतिहीन असल्याने ओळख ही टिकून राहत नाही. ती प्रत्येक विनंतीच्या वेळी खुणेवरून पुन्हा सिद्ध केली जाते. ही खूण बिल्ला असू शकते किंवा दाखला. बिल्ल्यात सर्व्हरचा ताबा अधिक असतो, दाखल्यात सर्व्हरचा भार कमी असतो. प्रोग्रॅमच्या स्मृतीतील चल या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. गुप्त किल्ली, कुकीची विशेषणे, मुदत आणि लॉगआउट या चार बाबींचा निर्णय विकासकाने समजून उमजून घ्यावयाचा असतो; चौकटीची मूळ मांडणी प्रत्येक संस्थेच्या परिस्थितीला अनुरूप असेलच असे नाही.

अभ्यासक्रमात वेब-तंत्रज्ञान शिकविताना लॉगिनचे पृष्ठ तयार करणे हा बहुधा शेवटचा धडा असतो. त्यापुढे आणखी एक प्रात्यक्षिक जोडून दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या प्रकल्पावर वरील पाच कसोट्या लावाव्यात, असे सुचवावेसे वाटते. ज्या विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पात दुसऱ्याचे नाव उमटलेले एकदा प्रत्यक्ष पाहिले, तो पुढे कोणत्याही कार्यालयासाठी प्रणाली लिहिताना ओळख कोठे ठेवावयाची हा प्रश्न आधी विचारील.